काळ्या दारूचे रिव्हॉल्व्हर: सुरुवात कशी करावी, सामान काय घ्यावे

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे कोथरूडचे आहेत, वय पस्तिशीच्या आसपास. काळ्या दारूच्या, म्हणजे काडतुसाऐवजी सुटी बंदुकीची दारू आणि गोळी पुढून ठासायच्या, जुन्या पद्धतीच्या रिव्हॉल्व्हरने नेमबाजी शिकायची आहे. कोणते रिव्हॉल्व्हर घ्यावे, सोबत काय लागते, आणि पुण्यात हे जमेल का, असे त्यांनी विचारले आहे. शेवटी जाता जाता सांगितले आहे की कंपनी वर्षाअखेरीस दोन वर्षांसाठी अमेरिकेत, इंडियानातल्या कोलंबसला पाठवणार आहे. माझे निम्मे उत्तर या शेवटच्या वाक्यातच आहे.

मी तिकडे नोकरीत असताना हा खेळ बरीच वर्षे खेळलो. पुण्यात परतल्यापासून फक्त एअर पिस्तूल चालवतो. त्यामुळे दोन्हीकडचे सांगू शकतो.

आधी पुण्याचे. इथे हा खेळ सुरू करायचा विचार सोडून द्या. ठासणीची असो वा केपाची (केप म्हणजे आदळताच ठिणगी देणारी धातूची छोटी टोपी), चालू स्थितीतल्या बंदुकीला शस्त्र अधिनियम १९५९ खाली परवाना लागतो. कोकणात रानडुकरांपासून पीक राखायला शेतकरी ठासणीच्या बंदुका ठेवतात, त्याही परवान्यावरच. रिव्हॉल्व्हर जुन्या घाटाचे आहे म्हणून सूट मिळत नाही. कायद्याच्या ४५व्या कलमात पुराणवस्तू म्हणून जी सवलत आहे ती दुरुस्ती करूनही झाडता येणार नाही अशा शस्त्राला आहे. म्हणजे वाड्याच्या माळ्यावर आजोबांची काही चीज सापडली असेल तर ती साफ करून वाजवून पाहण्याचा मोह आवरा आणि रीतसर पोलिसांना कळवा. दारूचा मामला याहून अवघड आहे. ती स्फोटक द्रव्यांच्या कायद्याखाली येते. घरी दारू तयार करणे किंवा फटाके फोडून त्यातली दारू काढणे हा गुन्हा तर आहेच, शिवाय बोटे आणि डोळे घालवण्याचा खात्रीचा मार्ग आहे. फटाक्याच्या दारूत काय मिसळलेले असते आणि ती किती वेगाने पेटेल याचा अंदाज कोणालाच नसतो. बंदुकीच्या नळीत ती कधीच घालायची नाही. यावर मी चर्चा करत नाही.

मग जाईपर्यंतचे महिने काय करायचे? बालेवाडीला जा. श्री शिवछत्रपती क्रीडा संकुलातल्या रेंजवर १० मीटरचे एअर पिस्तूल शिका. ४.५ मिलिमीटरच्या, २० ज्यूलपेक्षा जास्त ऊर्जा नसलेल्या एअर पिस्तुलाला शस्त्र परवाना लागत नाही. स्वतःचे विकत घेऊ नका, चांगल्या परदेशी पिस्तुलाची किंमत लाखात जाते. क्लबाचे वापरा. ऑलिंपिक पदक जिंकलेल्या स्वप्निल कुसाळेचा सराव याच संकुलात झाला, तेव्हा जागा कमी दर्जाची आहे अशी शंका नको.

मी हे वेळ घालवायला सांगत नाही. ठासणीच्या शस्त्रांची आंतरराष्ट्रीय संघटना आहे, एमएलएआयसी, १९७१ साली स्थापन झालेली. तिच्या पिस्तूल स्पर्धा एका हाताने खेळायच्या असतात. रिव्हॉल्व्हरच्या मुख्य स्पर्धेचे नाव मारिएट. अंतर २५ मीटर, वेळ ३० मिनिटे, १३ गोळ्या झाडायच्या आणि त्यातल्या सर्वोत्तम १० मोजायच्या. एका हातात जड वस्तू धरून, उघड्या साइटवरून, ट्रिगर सरळ मागे आणायचा, हे सगळे एअर पिस्तूल शिकवते. आणखी एक गोष्ट शिकवते जी काळ्या दारूला सर्वांत जास्त लागते: गोळी सुटल्यावरही हात तसाच धरून ठेवणे. जुन्या रिव्हॉल्व्हरचा घोडा, म्हणजे केपेवर आदळणारा हातोडा, मोठा आणि वजनदार. तो पडतो, केप फुटते, निपलच्या, म्हणजे केप चढवायच्या बारीक नळीच्या, भोकातून आग आत जाते आणि मग दारू पेटते. हे सगळे क्षणार्धातच होते, पण आधुनिक पिस्तुलापेक्षा जास्त वेळ घेते. ट्रिगर दाबला की हात सैल सोडणाऱ्याच्या गोळ्या टार्गेटभर पसरतात. बालेवाडीतल्या प्रशिक्षकाला सांगा की मला गुण नकोत, फॉलो-थ्रू हवा. तो हसेल, पण नीट शिकवेल.

आता इंडियानाचे. तुम्ही नशीबवान आहात. कोलंबसपासून गाडीने दीड तासाच्या आत फ्रेंडशिप नावाचे अगदी छोटे गाव आहे. १९३३ साली स्थापन झालेल्या नॅशनल मझल लोडिंग रायफल असोसिएशनचे मैदान तिथे आहे. जून आणि सप्टेंबरमध्ये तिथे राष्ट्रीय स्पर्धांची जत्रा भरते. काही विकत घेण्याआधी एकदा तिथे जा. प्रेक्षक म्हणूनच जा. म्हातारी माणसे बाकावर बसून तुम्हाला तीन तास समजावून सांगतील आणि आपले रिव्हॉल्व्हर हातात देतील. या खेळातली माणसे बोलायला फार उत्सुक असतात, कारण घरी कोणी ऐकत नाही.

कायद्याचे तिथेही पाहून ठेवा. अमेरिकेच्या संघीय कायद्यात काळ्या दारूवर चालणारी, पुढून ठासायची प्रतिकृती 'फायरआर्म' या व्याख्येत येत नाही. पण राज्यांचे कायदे वेगळे आहेत. उदाहरणार्थ, न्यू जर्सीत अशा रिव्हॉल्व्हरला पिस्तुलासारखाच परवाना मागतात, त्यामुळे एडिसनच्या मावसभावाकडे मागवून ठेवतो वगैरे योजना आखू नका. दुसरे जास्त महत्त्वाचे. वर्क व्हिसावर असलेल्या परदेशी माणसाला आधुनिक बंदूक किंवा काडतुसे बाळगायला संघीय कायद्याने मनाई आहे, शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद सोडून. रेंजवर शेजारचा अगत्याने आपले आधुनिक पिस्तूल पुढे करेल. नम्रपणे नको म्हणा. पहिली खरेदी करण्यापूर्वी तिथल्या वकिलाला एकदा विचारून घ्या, त्याची फी रिव्हॉल्व्हरच्या किमतीचाच भाग समजा.

आता रिव्हॉल्व्हर. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक प्रतिकृती इटलीतल्या आहेत, गार्दोने व्हाल त्रोम्पिया भागातल्या. उबेर्ती आणि पिएत्ता ही दोन नावे सतत कानावर येतील. नव्या माणसापुढे साधारण तीन पर्याय असतात. कोल्टचे १८५१चे नेव्ही, छत्तीस कॅलिबर. कोल्टचेच १८६०चे आर्मी, चव्वेचाळीस. आणि रेमिंग्टनचे न्यू मॉडेल आर्मी, तेही चव्वेचाळीस, ज्याला पेटंटच्या सालावरून सगळे '१८५८' म्हणतात.

माझे मत स्पष्ट आहे: पहिले रिव्हॉल्व्हर रेमिंग्टन घ्या, पोलादी फ्रेमचे. कोल्ट दिसायला देखणे आहे आणि हातात छान बसते, पण त्याच्या सिलिंडरवर, म्हणजे दारू-गोळी भरायच्या फिरत्या नळकांड्यावर, फ्रेमची पट्टी नाही. नळी एका पाचरीने जागेवर धरलेली असते. पाचर कमी-जास्त ठोकली गेली की नळी आणि सिलिंडरमधली फट बदलते. मागची साइट म्हणजे घोड्याच्या नाकावरची खाच. ती २५ मीटरवर नेम धरल्यापेक्षा बरीच वर मारते, एक वीतभर सहज. फुटलेल्या केपेचे तुकडेही कोल्टच्या घोड्याच्या खाचेत पडून अडकतात, म्हणून जुने लोक घोडा ओढताना नळी आकाशाकडे उचलतात, आणि पुष्कळ रेंजवर नेमका तोच हातवारा चालत नाही. रेमिंग्टनला वर पट्टी आहे, साइट स्थिर आहे, सिलिंडर काढायला एक पिन पुढे ओढली की झाले. त्याचा दोष असा की ती पिन बारीक आणि गुळगुळीत आहे, ग्रीस धरून ठेवत नाही, त्यामुळे काजळीने सिलिंडर लवकर घट्ट होतो. कोल्टच्या जाड दांड्यावर ग्रीससाठी खाचा असतात. यावर उपाय सोपा आहे: दर दोन सिलिंडर झाडून झाले की पिन काढा, पुसा, ग्रीस लावा.

पितळी फ्रेमचे स्वस्तात मिळते, चमकते, भिंतीवर शोभते. दारूच्या दाबाने पितळ हळूहळू ताणले जाते आणि रिव्हॉल्व्हर ढिले होते. घेऊ नका. जुन्या बाजारात रुगर ओल्ड आर्मी दिसले तर मात्र थांबून पाहा. १९७२ ते २००८ या काळात निघालेले, आधुनिक पोलादाचे, न मोडणारे यंत्र आहे. पण ते कोणत्याही ऐतिहासिक नमुन्याची हुबेहूब प्रतिकृती नाही, म्हणून एमएलएआयसीच्या स्पर्धेत चालत नाही. तुम्हाला पुढे मारिएट खेळायचे असेल तर त्यात पैसे अडकवू नका. प्रतिकृतीवर बसवलेल्या आधुनिक, फिरवता येणाऱ्या साइटचेही तसेच.

रिव्हॉल्व्हर तीनशे ते पाचशे डॉलरच्या आसपास येईल. त्यानंतरचे सामानच खरा खेळ आहे, कारण या खेळात गोळीचा निकाल गोळी झाडायच्या रेषेवर नव्हे, भरण्याच्या टेबलावर लागतो. काडतुसाच्या पिस्तुलात कारखान्याने केलेले काम इथे सहा वेळा तुम्ही स्वतःच्या हाताने करता. सिलिंडरमधली एक खोबण, म्हणजे एका गोळीचे घर, जरी वेगळी भरली गेली तरी टार्गेट सांगते.

दारू. दुकानात 'थ्री एफ' मागा, म्हणजे बारीक दाण्याची, रिव्हॉल्व्हरसाठीची. खरी काळी दारू सगळीकडे मिळत नाही. पायरोडेक्स, ट्रिपल सेव्हन यांसारखे पर्याय मिळतात. ते वजनाने नाही, आकारमानाने मोजायचे, आणि ट्रिपल सेव्हन जास्त जोरकस असल्याने त्याचे माप कमी घ्यायचे. बिनधुराची आधुनिक पावडर या रिव्हॉल्व्हरमध्ये चिमूटभरही घालायची नाही. सिलिंडर फुटतो. तिचा डबा आणि काळ्या दारूचा डबा एका टेबलावर कधी येऊ देऊ नका. चव्वेचाळीसमध्ये मी २० ग्रेनने सुरुवात करायला सांगतो, म्हणजे साधारण १.३ ग्रॅम, छत्तीसमध्ये १५ ग्रेन. रिव्हॉल्व्हरसोबतच्या पुस्तिकेत दिलेला कमाल आकडा ही मर्यादा समजा. टार्गेटला धूर आणि आवाजाचे गुण मिळत नाहीत.

दारू फ्लास्कमधून, म्हणजे ती साठवायच्या कुपीतून, थेट सिलिंडरमध्ये ओतायची नाही. खोबणीत एखादी ठिणगी धुमसत राहिली असेल तर अख्खा फ्लास्क हातात फुटेल. घरीच छोट्या प्लास्टिकच्या बाटल्यांमध्ये एकेक माप भरून न्या. आंतरराष्ट्रीय स्पर्धांत तोच नियम आहे, आणि त्याचा दुसरा फायदा असा की रेंजवर गप्पा मारताना माप चुकत नाही.

गोळी म्हणजे शुद्ध, मऊ शिशाचा गोल. कठीण मिश्रधातूचा चालत नाही. चव्वेचाळीसच्या प्रतिकृतीला बहुधा ०.४५१ किंवा ०.४५४ इंचाची, छत्तीसला ०.३७५ ची. गोळी खोबणीपेक्षा जराशी मोठी हवी. ठासताना तिच्या कडेने शिशाची बारीक पूर्ण कडी तासून निघाली पाहिजे. ती निघाली म्हणजे तोंड चारी बाजूंनी बंद झाले. कडी अर्धवट आली तर आकार वाढवा. ही कडी या खेळातला सर्वांत स्वस्त सुरक्षा उपाय आहे, कारण सैल गोळीच्या बाजूने आग आत शिरली तर शेजारच्या खोबण्याही उडतात. त्याला 'चेन फायर' म्हणतात. मागून, सैल बसलेल्या केपेतूनही तो होऊ शकतो. म्हणूनच दुसरा हात सिलिंडरच्या पुढे कधीच आणायचा नाही.

दारू आणि गोळीच्या मध्ये भराव घालतात. अमेरिकन लोक मक्याचे पीठ वापरतात, युरोपातले नेमबाज रवा. तुम्ही इंडियन ग्रोसरीतून बारीक रवा आणा. कोरडा, न भाजलेला. माप कमी असल्याने गोळी खोबणीत खोल बसते. भरावामुळे ती तोंडाजवळ येते आणि नळीत शिरताना कमी अंतर उडी मारते. नेम सुधारतो. बायको विचारेल, डब्यावर 'रेंज' असे लिहून वेगळा ठेवा, कारण त्या डब्याला शिशाची बोटे लागणार आहेत आणि त्याचा उपमा होता कामा नये. भराव नको असेल तर चरबी लावलेले तयार फेल्टचे वॉड, म्हणजे जाड चकत्या, मिळतात.

गोळीवर किंवा वॉडला लावायचे वंगण पेट्रोलियमचे नको. ते काळ्या दारूच्या काजळीत मिसळून डांबरासारखे चिकटते. मधमाशीचे मेण आणि ऑलिव्ह तेल पुरते. तिकडचे बरेच जण प्राण्यांची चरबी वापरतात, तुम्हाला चालत नसेल तर काही बिघडत नाही. खोबरेल तेल मेणात मिसळता येते, पण ते २४ अंशांच्या खाली थिजते, आणि इंडियानात तेवढी ऊब वर्षातले थोडेच महिने असते.

केपा दहा आणि अकरा नंबरच्या मिळतात. कोणता नंबर बसेल ते तुमच्या निपलवर अवलंबून आहे. केप बोटाने दाबून घट्ट बसली पाहिजे, चिमटून बसवावी लागत असेल तर नंबर चुकला. सोबत आलेले निपल बरेचदा बरे नसतात. चांगले निपल विकत घेतले की अर्धे 'फुसके बार' आपोआप थांबतात. केप लावायला कॅपर, निपल उघडायला पाना, आणि स्क्रूच्या खाचेत बरोबर बसणारे स्क्रूड्रायव्हर, घरातले नकोत. रेमिंग्टनचा सिलिंडर बाहेर काढून ठासण्यासाठी छोटा दाबयंत्राचा स्टँड मिळतो. सहाही गोळ्या एकसारख्या दाबाने बसवायच्या असतील तर तो जरूर घ्या. गोळी आणि दारू यांच्यामध्ये हवेची पोकळी राहता कामा नये, एवढे लक्षात ठेवा. पोकळी राहिली तर दाब वेडावाकडा वाढतो.

केपेचे बारीक तुकडे बाजूला उडतात. चष्मा आणि कानांचे संरक्षण याशिवाय टेबलाजवळही उभे राहू नका. साधा वाचायचा चष्मा पुरत नाही.

क्रम एकदा ओळीने सांगतो. रिकामे रिव्हॉल्व्हर तपासा. खोबण्यांतले तेल पुसा. रेषेवर जाऊन, नळी टार्गेटकडे ठेवून, रिकाम्या निपलवर एकेक केप फोडा म्हणजे उरलेले तेल जळते. मग टेबलावर दारू, रवा, गोळी, ठासणी, गोळी सिलिंडरच्या तोंडापेक्षा खाली गेली ना ते पाहणे, वर थोडे वंगण. केप सर्वांत शेवटी, सिलिंडर रिव्हॉल्व्हरमध्ये बसवल्यावर, रेषेवर आणि नळी टार्गेटकडे असताना. सिलिंडर हातात धरून केपा लावलेला माणूस दिसला तर त्या रेंजवरून निघून या. सुरुवातीला सहापैकी पाचच खोबण्या भरा आणि घोडा रिकाम्या खोबणीवर ठेवा. केप फुटली पण बार झाला नाही, तर नळी टार्गेटकडेच धरून निदान एक मिनिट थांबा. दारू उशिरा पेटू शकते. घोडा मागे ओढून आत डोकावणारे लोक मी पाहिले आहेत, त्यांना हाताला धरून बाजूला केले आहे. आवाज नेहमीपेक्षा अगदीच बारीक आला तर पुढची गोळी झाडू नका. आधीची नळीत अडकलेली असू शकते.

साफसफाईला पर्याय नाही. काळ्या दारूची राख हवेतला ओलावा ओढते आणि रात्रीत पोलाद गंजवते. त्याच दिवशी सिलिंडर, निपल, लाकडी मुठी सुटे करा. धातूचे भाग गरम पाणी आणि भांड्यांच्या साबणाने धुवा, खरोखरच धुवा, घाबरू नका. पूर्ण वाळवा, मग तेलाचा हात. निपलच्या आट्यांवर न जाम होणारे ग्रीस. हे सगळे स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये करू नका, गॅरेजमध्ये बादली घ्या. शिसे शरीरात जाऊन साठते. रेंजवर खाणे नाही, हात साबणाने धुतल्याशिवाय पाणीही नाही, आणि घरात लहान मूल असेल तर रेंजचे कपडे वेगळे धुवायचे.

घरी सराव करताना रिकाम्या निपलवर घोडा पडू देऊ नका, निपलचे तोंड चेपते. प्रत्येक निपलवर पारदर्शक रबरी नळीचा छोटा तुकडा चढवा. पुण्यात शिकलेला फॉलो-थ्रू इथे रोज दहा मिनिटे घासा. पहिले काही महिने एकच माप, एकच गोळी, एकच अंतर ठेवा. दारू एक-एक ग्रेन बदलून पाहण्याचे वेड सगळ्यांना लागते. त्याआधी तुमचा हात एकसारखा चालायला हवा, नाहीतर टार्गेटवरचा फरक दारूचा की हाताचा हे कळणारच नाही.

परत येतानाचे शेवटचे. रिव्हॉल्व्हर तिकडेच विकून या. दारू आणि केपा विमानात कोणत्याच सामानात चालत नाहीत, आणि भारतात शस्त्र आणणे ही हौसेखातर होणारी गोष्ट नाही. रेंजला नेलेली बॅग प्रवासासाठी वापरू नका, तळाशी राहिलेली एखादी केपही तपासणीत दिसते आणि तुम्ही थेट पोलिसांसमोर बसता. सामान भरण्यापूर्वी जॅकेटचे खिसेही उलटे करून पाहा.